सरुबाईचं नाव

पुंजाराम नामपूरचा. घरात ‘गाडी उनी’ म्हणत अहिराणी बोलायचा आणि मनमाड जंक्शनच्या भोंग्यावर ‘गाडी आ चुकी है’ म्हणत हिंदी. वीस वर्षं त्यानं गाड्यांची ये-जा अशा थाटात सांगितली, की गाडी त्याच्या परवानगीशिवाय हलत नाही असं वाटावं. एकोणऐंशी साली त्याच्या अंगावरून वारं गेलं. उजवा हात लुळा पडला आणि अहिराणी गेली ती गेलीच. उरली ती भोंग्यावरची हिंदी.

बायको सरुबाई. तिला अहिराणीपलीकडे काही येत नव्हतं, पण गरज सगळं शिकवते. भूक लागली की तो ‘मालगाडी’ म्हणे, तहान लागली की ‘इंजिन’. व्याही आले तेव्हा त्यानं त्यांना ‘अनिश्चित समय के लिए विलंबित’ जाहीर केलं. ते बिचारे दारातच थबकले. सरुबाईनं त्यांना आत घेऊन ताटं वाढली.

नाशिकच्या दवाखान्यात तरुण डॉक्टरनं त्याला किल्ली दाखवली, मग कंगवा. पुंजारामनं दोन्हींना ‘सिग्नल’ म्हटलं. मग डॉक्टरनं सरुबाईकडे बोट करून विचारलं, हिचं नाव काय? पुंजारामनं लाजून मान खाली घातली. डॉक्टरनं लिहिलं, बायकोला ओळखत नाही. मग तिला नवऱ्याचं नाव विचारलं, तर तिनंही मान खाली घातली आणि म्हणाली, "कागदवर लिखेल शे." आता हिचाही केसपेपर काढावा की काय, या विचारात डॉक्टर पडला.

शेवटी आयाबाईनं त्याला समजावलं, की यांच्यात नवरा-बायको एकमेकांचं नाव घेत नसतात. डॉक्टरनं ती ओळ खोडली. सरुबाईला मात्र नवाच घोर लागला. तीस वर्षं तो तिला नुसतं ‘अय’ म्हणत आला होता. आता नाव लाजेनं येत नाही की विसरलाय, हे कळायचं कसं? जन्मभर पाळलेल्या रीतीचा तिला पहिल्यांदा राग आला.

दुसऱ्या दिवशी खाटेजवळ उभी राहून ती भर वॉर्डात म्हणाली, "पुंजाराम."

शेजारच्या खाटांपाशी बसलेल्या बायकांनी तोंडाला पदर लावला. पुंजाराम दचकून उठून बसला. डाव्या हाताची मूठ त्यानं तोंडासमोर धरली, घसा खाकरला आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "यात्रीगण कृपया ध्यान दें. नामपूर से आनेवाली सरुबाई प्लॅटफॉर्म नंबर एक पर आ रही है."

डॉक्टर धावत आला आणि त्याला पुन्हा म्हणायला सांगू लागला. सरुबाई खाटेच्या कडेला बसून रडत होती. तिनं हातानंच डॉक्टरला थांबवलं.

"ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "गाडी लेट उनी, पन उनी."