कोंडवाड्यातली वसुबारस

यजमानांचं ऑपरेशन नीट पार पडलं तर जन्मभर रोज पहिली पोळी गाईला घालीन, असा नवस मी बोलले होते. ते सुखरूप घरी आले, मी पोळी घालू लागले. अमरावतीच्या आमच्या भजनी मंडळात सगळ्याच अशा नवसाच्या. म्हणून गाईचे किस्से साचतच जातात. सांगून संपत नाहीत.

मी पोळी घालते ती गाय एका गवळ्याची. सकाळी दूध काढलं की तो तिला मोकळी सोडून द्यायचा. ती पोळीच्या वेळेआधीच येऊन फाटकाला शिंगं घासू लागली. यजमान म्हणाले, "तुह्या नवसानं मी वाचलो, पण फाटक गेलं."

शेजारच्या कुसुमताई एकादशीला तिला केळी भरवून पाया पडल्या आणि आत गेल्या. तेवढ्यात तिनं त्यांची जास्वंद खाल्ली. ताई काठी घेऊन बाहेर.

मी म्हटलं, "अवो, आत्ताच पाया पडल्या ना?"

"त्या गाईच्या पडली. हे जनावर होय."

अकोल्याच्या नणंदेकडे वसुबारसेला गाय-वासरू टेम्पोतून फ्लॅटच्या पार्किंगमध्ये येतं. एकदा गाईनं तिथंच शेण टाकलं, तर सोसायटीचे सेक्रेटरी चिडले. नणंद म्हणाली, "भाऊ, होमाले गोवऱ्या ऑनलाइन मागवता, अन् ताज्या शेणाची घाण येते?"

यंदा आमच्या गाईला गोऱ्हा झाला. चरायला लागल्यावर दोघं मिळून कुंड्या फस्त करू लागली. मंडळातूनच कोणी तरी कोंडवाड्याला फोन केला आणि वसुबारसेच्या आदल्या दिवशी गाडी दोघांना घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही ताटं घेऊन रस्त्यावर उभ्या, आणि पूजेला गाय नाही.

शेवटी ऑटो करून कोंडवाड्यात गेलो. राखणदार म्हणाला, "इथं लोक शिव्या घेऊन येतात. ताटं घेऊन तुमीच पयल्या."

आम्ही दोघांना कुंकू लावलं, ओवाळलं. तेवढ्यात गवळी आला आणि एकट्या गाईला सोडवून निघाला.

"अन् गोऱ्हा?" कुसुमताईंनी विचारलं.

"त्याले नेऊन काय करू? गाय त्याच्याबिगर दूध देते. अन् बैल कोण ठेवते आता? सारे ट्रॅक्टरवाले."

"मंग हा कुठं जाईन?"

गवळी गाईला हाकत निघून गेला. राखणदार दुसरीकडे पाहू लागला. गोऱ्ह्याच्या कपाळावरचं कुंकू अजून ओलं होतं.

कुसुमताईंनी ताट माझ्या हातात दिलं आणि गोऱ्ह्याचं दावं धरलं. "मी ओवाळलं याले," म्हणाल्या. "ऑटोत बसते का, पाहा."

तो बसला. आम्ही चालत आलो.

बायांनो, पुढच्या वसुबारसेला तुम्हीही ज्याला ओवाळाल, त्याला घरी न्या.