दाजींच्या न्हाणीचं काचेचं दार

माझ्या दाजींनी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्यानं, उभ्या आयुष्यात एकही वस्तू स्वतःच्या अंगावर आजमावल्याशिवाय घरात आणलेली नाही. दुकानदाराच्या शब्दावर विश्वास ठेवणारा माणूस त्यांच्या मते एक तर नवरदेव असतो, नाहीतर मतदार. कर्जतच्या बाजारात ताडपत्री घ्यायची होती तेव्हा ते स्वतः तिच्याखाली उकिडवे बसले आणि दुकानदाराला वरून दोन कळश्या ओतायला लावल्या. गोधडी घेताना भर वैशाखात ती डोक्यावरून घेऊन पाव तास बसून राहिले, आणि घामानं निथळत बाहेर येऊन म्हणाले, "बरी हाय, पर थंडीत परत बघावी लागंल." लेकीची सोयरीक कोपरगावला ठरत होती, त्या दिवशी तर सगळे पाहुणे पोहे खायला बसले आणि मुलीचा बापच जागेवर नाही. शोधाशोध केली तर हे गृहस्थ मुलाकडच्यांच्या घराच्या पत्र्यावर चढून बसलेले. मी खालून ओरडलो, "दाजी, हे काय?" ते वरून शांतपणे म्हणाले, "पोरगी जिथं झोपनार, तिथं गळतंय का बघतोय." होणाऱ्या व्याह्यांच्या हातातली बशी तशीच राहिली. तरीही सोयरीक जमली, याचं मला आजही नवल वाटतं.

त्यामुळे दाजींच्या कुठल्याही उद्योगानं आता मला धक्का बसणार नाही, अशी माझी समजूत होती. ती गेल्या वर्षी पार धुळीला मिळाली.

झालं असं, की उन्हाळ्यात एकदा आक्का, म्हणजे माझी बहीण, न्हाणीत चक्कर येऊन पडली. दार लाकडी, आत उघडणारं, आतून कडी, आणि आक्का नेमकी दाराला टेकून पडलेली. दाजी बाहेरून हाका मारतायत आणि आतून हूं की चूं नाही. दार ढकलावं तर तिलाच लागणार, न ढकलावं तर ती तशीच पडून राहणार. शेवटी तिची तीच भानावर आली, कडी काढून बाहेर आली आणि "काय झालं एवढं गाव गोळा करायला?" म्हणून उलट दाजींवरच खेकसली. डॉक्टरांनी रक्तदाबाच्या गोळ्या दिल्या आणि चक्कर पुन्हा येऊ शकते, जरा लक्ष ठेवा, असं सांगितलं. आक्का संध्याकाळपर्यंत सगळं विसरली. दाजी मात्र मनानं त्या बंद दारापुढून हललेच नाहीत म्हणायला हरकत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सकाळी त्यांचा मला नगरला फोन आला. "पाव्हणं, आंघुळीच्या खोलीला काचंचं दार बसतंय म्हंत्यात, खरं हाय का?"

मला वाटलं, मी अजून झोपेत आहे. मी म्हटलं, "दाजी, नुसती कडी काढून टाका की." तर म्हणाले, "कडी न्हाई तर तुमची बहीन आंघुळच करायची न्हाई." मग दार उलटं फिरवून बाहेर उघडणारं करा, असं मी सुचवलं. त्यावर ते म्हणाले, "त्ये करतोच. पर ती पडली ह्येच कळलं न्हाई, तर उघडायचं कवा?" त्याच दिवशी दुपारच्या एसटीनं ते नगरला हजर झाले.

सावेडीत एका मोठ्या दुकानात मी त्यांना घेऊन गेलो. दुकान असं चकचकीत, की चपला बाहेर काढाव्यात की हातात घ्याव्यात हेच समजेना. मालक मोठा उत्साही होता. शॉवरची दारं तीन प्रकारची येतात, म्हणाला. सरकणारं, घडीचं आणि बिजागरीचं. मग त्यानं वही उघडून विचारलं, "शॉवर कुठल्या कोपऱ्यात आहे?"

"शॉवर न्हाई," दाजी म्हणाले.

"म्हणजे बसवायचाय?"

"बसवायचा बी न्हाई. आमच्याकडं उन्हाळ्यात टँकर येतो. बादलीभर पान्यात दोघांच्या आंघुळी हुत्यात. डोक्यावर पाऊस पाडायला मी काय इंद्र लागून गेलो?"

मालकानं माझ्याकडे पाहिलं. मी वर पंख्याकडे पाहिलं. शॉवरशिवाय शॉवरचं दार मागणारं गिऱ्हाईक त्यानं जन्मात पाहिलं नसावं, आणि अशा गिऱ्हाइकाचा मेव्हणा होण्याची वेळ माझ्यावरही पहिल्यांदाच आली होती. पण खरा प्रसंग पुढेच होता. दाजींनी टोपी काढून टेबलावर ठेवली, धोतर आवरून घेतलं आणि नमुन्याच्या काचेच्या खोलीत जाऊन सरळ फरशीवर आडवे झाले. डोळे मिटले. मग आतून हुकूम आला, "आता मी बेसुद हाय. उघडा!"

मालकानं घाईघाईनं सरकणारं दार सरकवलं. अर्धंच उघडलं, कारण त्याची उरलेली अर्धी काच जागची हलतच नाही. दाजी आडवेच राहून म्हणाले, "ह्यातनं माझ्यासारखा काटकुळा निघंल. ह्यांची बहीन न्हाई निघायची." शिवाय बोअरच्या खारट पाण्यानं त्याची सरकायची खाच चोंदणार ती वेगळीच. घडीचं दार आतल्या बाजूला दुमडलं आणि त्यांच्या गुडघ्यावर आपटलं. बिजागरीचं तेवढं बाहेर, सताड, बिनबोभाट उघडलं. कडी नाही, नुसतं चुंबक. आतून ढकलावं, बाहेरून ओढावं. दाजींनी एक डोळा किलकिला करून मान डोलावली. तेवढ्यात दारात आलेलं एक जोडपं, जमिनीवर पडलेला म्हातारा आणि त्याच्याभोवती घामाघूम उभे असलेले आम्ही दोघे, असा देखावा बघून आल्या पावली परत गेलं. मालकाला वाटलं, आता तरी सौदा झाला. पण दाजी टोपी झटकत म्हणाले, "कोरड्या दुकानात समदीच दारं शानी असत्यात. वल्लं झाल्यावर बघू."

ओलं दार बघायला ते कुठे गेले असतील? थेट लेकीच्या सासरी, कोपरगावला. व्याह्यांनी नुकताच बंगला बांधला होता आणि त्यांच्या न्हाणीला तस्संच बिजागरीचं दार होतं. आपल्याकडे आलेल्या पाहुण्याला "अंघोळ करून घ्या" म्हणायची पद्धत आहे, आणि इथे तर साक्षात सुनेचे वडील! विहीणबाईंनी नवा टॉवेल दिला, कढत पाणी काढून दिलं. दाजी आत गेले, दोन तांबे अंगावर घेतले आणि कुणालाही काही न सांगता, पट्ट्यापट्ट्यांच्या चड्डीवर, फरशीवर डोळे मिटून पडून राहिले. माणूस पडल्याचं घरच्यांना किती वेळात कळतं, हे त्यांना पाहायचं होतं. आता तिथली काच होती वरपासून खालपर्यंत धुरकट. कुणाला काय दिसणार? शेवटी पाहुण्यांना उशीर का, म्हणून व्याह्यांनी हाक मारली, पुन्हा मारली, दार ओढलं, आणि समोरचं दृश्य पाहून "अहो, घात झाला!" म्हणून अशी काही आरोळी ठोकली, की विहीणबाई स्वयंपाकघरात मटकन खाली बसल्या. दाजी उठून बसले, पालथ्या तांब्यावर ठेवलेलं मनगटी घड्याळ उचलून पाहिलं आणि म्हणाले, "अकरा मिन्टं. लई उशीर झाला."

भाचीचा मला रडत फोन आला. "मामा, आण्णांना आवरा! आता मी इथं तोंड कसं दाखवू?" व्याह्यांच्या घरी, त्यांच्याच न्हाणीत मरून पडल्याचं सोंग! आमच्या सात पिढ्यांत असं कुणी केलं नसेल. मी दाजींना फोनवर नको नको ते बोललो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पाव्हणं, धुरकट काच उपेगाची न्हाई. सोच्छ पायजे. आरपार."

आता धक्का बसायची पाळी आक्काची होती. आरपार काचेचं दार लावून अंघोळ करायची, हे ऐकल्यावर तिनं भाकरी थापायची थांबवली. "म्हंजी साऱ्या आळीनं बघत बसायचं व्हय मला? त्यापरीस चक्कर येऊन मेलेलं काय वाईट?" ती रागात बोलून गेली, पण दाजी त्या दिवशी जेवले नाहीत. तसेच मळ्यात जाऊन बसले. चार दिवस घरात कुणी कुणाशी धड बोललं नाही. मग दाजींनी तोड काढली. काच धुरकटच, पण खालची वीतभर पट्टी तेवढी स्वच्छ. "मला पाय दिसले की बास," ते आक्काला म्हणाले. "पाय हुभे हायती, म्हंजी तू हायेस." आक्कानं थोडा वेळ पदराशी चाळा केला आणि पाय दिसले तर चालतील, असं मान्य केलं.

दार आलं. नगरहून टेम्पोतून, गाद्यांमध्ये गुंडाळून. मिस्त्रीनं दिवसभर खपून ते बसवलं आणि जाताना बजावलं, "टफन काच आहे, तापवून कडक केलेली. मधोमध बैल धडकला तरी हलायची नाही. फक्त कडेला, कोपऱ्याला काही लागू देऊ नका." दाजींनी यातलं बैलापर्यंतचंच ऐकलं असावं. मी मुद्दाम रजा काढून गेलो होतो. आक्कानं काचेवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, बिजागरीला आंब्याची डहाळी अडकवली. आमच्याकडे सायकलपासून जेसीबीपर्यंत कुठलीही नवी वस्तू नारळ फुटल्याशिवाय वापरायला काढत नाहीत, मग हे तर न्हाणीचं दार! दाजींनी दार सताड उघडलं, "देवा, हिला सांभाळ," म्हणाले आणि उंबऱ्याच्या दगडावर नारळ आपटायला हात उगारला. उघड्या दाराचा बिजागरीकडचा खालचा कोपरा नेमका त्याच उंबऱ्यावर आलेला होता, आणि नारळ आधी त्याच्यावरच बसला.

फट्कन एकच आवाज झाला. क्षणापूर्वी समोर दार होतं. आता तिथे नुसत्या बिजागऱ्या लोंबत होत्या आणि फरशीभर काचेचे पांढरे खडे पसरले होते, पोतं फाटून साखर सांडावी तसे. आक्काच्या हातातल्या आरतीच्या ताटात सुद्धा प्रसादाच्या साखरेशेजारी चार खडे येऊन पडले होते. कुणाला ओरखडासुद्धा आला नव्हता. आणि नारळ? तो दाजींच्या हातात तसाच होता, अख्खा.

मी इतका हबकलो, की हसावं की रडावं तेच समजेना. पण दाजी उंबऱ्यावर मटकन बसले, नारळ मांडीवर घेऊन. "आता हिला मी बगायचं कसं?" ते म्हणाले, आणि त्यांचे डोळे भरून आले. ताडपत्रीखाली, गोधडीखाली, दुकानातल्या फरशीवर पडणारा हा माणूस रडतो, हे मला ठाऊकच नव्हतं. तीन महिने मी नगरच्या ऑफिसात त्यांच्या गमती सांगून सगळ्यांना हसवत होतो. त्या क्षणी मला माझीच विलक्षण लाज वाटली. आक्कानं ताट खाली ठेवलं आणि खराटा घेऊन काच झाडायला लागली. "मी काय कुटं पळून चाललेय व्हय?" एवढंच ती म्हणाली.

मी दुसरं दार आणून देतो म्हटलं, तर दाजींनी साफ नकार दिला. जे नारळापुढं टिकत नाही ते माणसाला काय राखणार, असं त्यांचं म्हणणं पडलं. मीही मग विषय काढला नाही.

दिवाळीनंतर एका सकाळी कळवल्याशिवायच त्यांच्याकडे गेलो. घरात कुणी नव्हतं म्हणून मागच्या बाजूला गेलो. न्हाणीच्या चौकटीला एक जाड चादर लावलेली होती आणि दाजी उपड्या घमेल्यावर, चादरीकडे पाठ करून, समोरच्या लिंबाकडे बघत बसले होते. मधेच न वळता म्हणाले, "हाय का?"

"हाय," आतून आक्का म्हणाली.

थोड्या वेळानं पुन्हा, "हाय का?"

"हाय म्हनलं ना! किती येळा इचारताल?" मग ती म्हणाली, "ऊसतोडीला जात हुतो तवा पाचटाच्या कोपीला कुटं दार हुतं? तुमीच आडोशाला लुगडं धरून हुभं ऱ्हायचा, आसंच पाठ करून. हात भरून यायचे तुमचे."

"तवा तू बिगीबिगी उरकायचीस," दाजी म्हणाले.

"तवा मुकादम वरडायचा. आता कोन वरडतंय?"

मी भिंतीआडच थांबलो. आत पाण्याचा आवाज केव्हाच बंद झाला होता, पण आक्का काही बाहेर येत नव्हती. ती आतून बोलत होती, त्या पहिल्या वर्षाच्या उसाच्या फडाबद्दल, थंडीबद्दल, आणि दाजी तिच्याकडे पाठ करून ऐकत होते. मी पाय न वाजवता मागे फिरलो आणि पुढच्या ओट्यावर जाऊन बसलो.