चुकीच्या कार्डांच्या बाई

ऑक्टोबरातल्या त्या दुपारी अजूनही डोळा लागता लागता समोर येतात. जळगावच्या आमच्या अध्यापक महाविद्यालयाचं ग्रंथालय, वर संथ फिरणारा पंखा, बाहेर पांढरं ऊन आणि टेबलावर प्रबंधांची चळत. मी प्रत्येक प्रबंध मागून उघडायचो. शेवटच्या पानांवर संदर्भ असतात आणि मला त्यात एकच नाव शोधायचं होतं. शोधता शोधता अक्षरं पाण्याखाली गेल्यासारखी हलायला लागत. मी डुलकी काढत असे, आणि झोपेतही नावं वरून खाली सरकत राहत.

नव्वदच्या दशकाची ती सुरुवात होती. धुळ्याच्या महाविद्यालयातल्या एका बाईंनी पीएच.डी.च्या मार्गदर्शक म्हणून मान्यता मागितली होती. धडा कसा बांधावा, कशानंतर काय ठेवावं, हा त्यांचा अभ्यासाचा विषय. त्यांच्या संशोधनाचा प्रभाव किती, ते पाहून अहवाल द्यायचं काम विद्यापीठाच्या समितीने माझ्याकडे दिलं. प्रभाव पाहायचा म्हणजे त्यांच्या कामाचा आधार इतरांनी कुठे कुठे घेतला, ते मोजायचं. मान्यता मिळाली नाही तर बाई एकही संशोधक न घडवता निवृत्त होणार होत्या. त्यांना दुसरं काही नको होतं.

नाव क्वचितच सापडत होतं.

चळतीत तळाशी माझा स्वतःचा प्रबंध होता. तो मी उघडला नाही. आत काय नाही, ते मला माहीत होतं.

त्याच्या बरीच वर्षं आधी, मी प्रबंधाच्या खटपटीत असताना, धुळ्याला बाईंच्या खोलीत बसलो होतो. त्यांनी टेबलावर जाड कागदाची कार्डं पसरली. प्रत्येक कार्डावर कुण्या काल्पनिक मुलाने सोडवलेली वजाबाकी, आणि ती चुकलेली. कुठे हातचा विसरलेला, कुठे मोठ्या अंकातून लहान वजा करायचा म्हणून उलटंच केलेलं. वर्गातल्या मुलांनी ती चूक पकडायची. कोणती चूक आधी दाखवायची आणि कोणती नंतर, यातच बाईंची सगळी बुद्धी होती.

"दुसऱ्याची चूक पकडायला पोरांना भारी मजा येते," त्या म्हणाल्या. "आपल्यासारखीच शेतंस ती बी." तीही आपल्यासारखीच आहेत, हे त्यांच्या अहिराणीत.

मी कार्डं परत करायला लागलो तर म्हणाल्या, "घेऊन जा, भाऊ. इथं कपाटात राहिली तर वाळवी वजाबाकी शिकेल."

मी घेऊन गेलो. माझ्या प्रबंधाचा कणा तीच कार्डं झाली. माझे मार्गदर्शक म्हणाले, "धुळ्याचं नाव टाकून वजन येतं का? परदेशी पुस्तकं दाखवा." मी नाव काढलं. त्यांनी सांगितलं म्हणून काढलं, असं पुढे कित्येक वर्षं स्वतःला सांगत आलो.

अहवाल लिहायच्या आठवड्यात एका शाळेच्या कार्यक्रमासाठी दोंडाईचाला जाणं झालं. पॅसेंजर रमतगमत चालली होती. दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला, जणू जमिनीला हलकीशी झोप लागलेली. कार्यक्रमाला वेळ होता म्हणून मी शाळेच्या व्हरांड्यात फिरत होतो. एका वर्गातून कल्ला ऐकू आला. तरुण गुरुजींनी फळ्यावर चुकीची वजाबाकी मांडली होती आणि पोरं बाकांवर उभी राहून ओरडत होती, "हातचा खादा! त्यानी हातचा खादा!"

तास संपल्यावर मी गुरुजींना विचारलं, "हे कुठून घेतलंत?"

"माझ्या सीनियरच्या पाठ टाचणात होतं, सर. त्याला त्याच्या सीनियरनं दिलं. सगळे तसंच उतरवतात."

"मूळ कुणाचं?"

"मूळ?" ते हसले. "टाचणाला कुठं मूळ असतं?"

आमच्याकडे अशीच पद्धत होती. पाठाची टिपणं एका तुकडीकडून दुसरीकडे जायची, घरातल्या विरजणासारखी. पहिलं दूध कुणाचं, कोण विचारतो? परतीच्या गाडीत मला वाटलं, वाटेतल्या प्रत्येक गावात पोरं बाकांवर उभी आहेत आणि बाईंचं नाव न घेता त्यांचा धडा ओरडत आहेत.

हेच अहवालात लिहायचं होतं. पण ज्यांनी नाव न देता घेतलं त्यांच्याबद्दल लिहिलं असतं, तर पहिलं बोट माझ्याकडे वळलं असतं. मी लिहिलं, "छापील संदर्भ नगण्य." मान्यता मिळाली नाही.

नंतर धुळ्याच्या बसस्थानकावर बाई भेटल्या. "काय भाऊ, मोजताना बठ्ठं सापडनं का?" सगळं सापडलं का, एवढंच त्यांनी विचारलं आणि माझ्या हातात भाजलेल्या शेंगा ठेवल्या. मी शेंगा सोलत राहिलो. त्यांची गाडी लागली, त्या गेल्या. आता त्या नाहीत.

गेल्या महिन्यात मी रिक्षा करून ग्रंथालयात गेलो. माझ्या प्रबंधात शेवटी चिकटवायला शुद्धिपत्र टाइप करून नेलं होतं. ही कार्डं कुणाची, आणि नाव कुणी वगळलं, हे त्यात लिहिलं होतं. ग्रंथपाल मुलीने ते वाचलं, डिंकाची बाटली पुढे केली आणि म्हणाली, "आबा, एवढ्या जुन्या प्रबंधाचं शेवटचं पान आता कोण उघडणार?"

"कुणी पुन्हा मोजायला बसलं तर," मी म्हणालो, "तो तिथूनच सुरुवात करेल."