तिसऱ्या विमानाचे दोन सर्व्हो

१२ एप्रिल २०१६ रोजी पाण्याची पहिली रेल्वे मिरजेहून लातूरला पोहोचली. त्याच दिवशी धारूरच्या डोंगराकडेला, ऊस नसल्यामुळे बंद असलेल्या एका सहकारी साखर कारखान्याच्या कँटीनमध्ये अकरा कामगार बैठकीला जमले होते. विषय पाण्याचा नव्हता. गहिनीनाथच्या विमानाला कोणता सर्व्हो बसवायचा, हे ठरवायचे होते.

गहिनीनाथ कारखान्यात इन्स्ट्रुमेंट फिटर. बॉयलरच्या वाफेचे व्हॉल्व्ह उघडझाप करणारी घागरीएवढी यंत्रे त्याने उमेदीची सगळी वर्षे सांभाळली. कारखाना थंडावला तशी हातांना चैन पडेना, म्हणून त्याने रिमोटचे विमान करायला घेतले. इंजिन नसलेले, नुसत्या वाऱ्यावर तरंगणारे. पहिले बाभळीत अडकून फाटले. दुसरे शेजारच्या छबुबाईंच्या पत्र्यावर आपटले. तिसऱ्याचे लांबलचक पंख घरातल्या एकुलत्या एका पलंगावर वाळत पडले, तेव्हा खाली अंथरूण टाकता टाकता त्याची बायको सत्यभामा म्हणाली, "हे पडलं तर बास. चौथं घरात दिसता कामा न्हाई."

"पडलं तर ना?" गहिनीनाथने विचारले.

"पडलं तर."

शब्द ठरला. त्यामुळे सर्व्होची निवड त्याच्या दृष्टीने जिवावरची होती. सर्व्हो म्हणजे आगपेटीहून लहान मोटर; रिमोटची कांडी जेवढी हलवावी तेवढाच ती आपला हात फिरवते आणि पंखाची झडप वरखाली करते. प्रत्येक पंखात एक बसवायचा होता. पण लाकूड आणि रिमोट सगळ्यांच्या वर्गणीतून आलेला. कारखाना बंद होता, सहकाराची सवय चालू होती. विमानासाठी मंडळ निघाले आणि त्याचे अध्यक्ष आणि उपाध्यक्ष पहिल्याच दिवशी निवडले गेले. विमान कसे असावे, ही चर्चा नंतर झाली.

टेबलावर दोन जातींचे नमुने होते. एक नायलॉनच्या दातांचा, हलका. दुसरा धातूच्या दातांचा, सोनाराच्या काट्यावर जवळजवळ दीडपट भरलेला. धातूच्या बाजूने गाळप विभागाचे धुळाजी अण्णा, म्हणजे जुने पॅनेल. नायलॉनच्या बाजूने वजनकाट्यावरचा त्रिंबक, म्हणजे विरोधी पॅनेल.

"जलम मिलचे गिअर बघण्यात गेला माझा," धुळाजी अण्णा म्हणाले. "प्लास्टिकवर भरवसा काहून ठेवायचा?"

"अण्णा, त्याला ऊस गाळायचा न्हाई. उडायचंय," त्रिंबक म्हणाला.

"उडल्यावर उतरायचं बी आसतं बे. दणका बसला की तुझ्या सर्व्होचे दात हातात."

"तुमचा बसवला तर उतरायची येळच यायची न्हाई. उडंलच कशाला ते?"

हात वर झाले. इकडे पाच, तिकडे पाच. सगळे गहिनीनाथकडे पाहू लागले. त्याच्या मनात नायलॉन होते. पण मनातले बोलायचे म्हणजे निम्म्या कारखान्याशी जन्माचे वैर. त्याने घसा साफ केला. "आसं करू. डाव्या पंखात अण्णांचा बसवू, उजव्यात त्रिंबकचा."

ठराव बिनविरोध झाला, चहा आला, आणि आपण काय करून बसलो हे गहिनीनाथला घरी जाताना उमगले. जोडणी केल्यावर विमान डावीकडे कलू लागले. शिवाय अण्णांच्या सर्व्होच्या दातांत किंचित ढिलाई होती. एकदा फिरला की तो मूळ जागी पुरता येत नसे. गहिनीनाथने उजव्या पंखाच्या टोकाला शिशाचा तुकडा चिकटवायचे सुचवले.

"आमच्या पंखात वजन?" त्रिंबक म्हणाला. "चूक त्यांची आन भार आमी वाहायचा?"

तुकडा चिकटवायचा राहिला.

एक मे रोजी झेंडावंदन उरकून सगळे डोंगराच्या कडेवर आले. खालचे काळे रान भाजून भेगाळले होते आणि त्याच्या वाफेवर दोन घारी गोल फिरत होत्या. गहिनीनाथने विमान वाऱ्यावर सोडले. ते सरळ गेले, थोडे कलले आणि डावीकडे वळले. मग वळतच राहिले.

"तुमच्या जडपणानं वळतंय, अण्णा."

"तुझं हलकं म्हणून वळतंय."

गहिनीनाथ कांडी उजवीकडे दाबून धरत होता. विमान ऐकत नव्हते. पण ते खालीही येत नव्हते. गरम हवेच्या खांबात सापडून, त्याच एका डाव्या वळणावर, ते फेरीमागून फेरी वर चढत होते. बघता बघता ते घारींच्या वर गेले.

"वळवलं कुणी? आमच्या सर्व्होनं," धुळाजी अण्णा म्हणाले.

"आन उचललं कुणी?" त्रिंबक म्हणाला.

दोन्ही पॅनेल श्रेय घेत असताना विमान रिमोटच्या टप्प्याबाहेर गेले, ठिपका झाले आणि मग ठिपकाही दिसेना.

गहिनीनाथ मोकळ्या हातांनी घरी आला. सत्यभामाने ते हात पाहिले.

"पडलं?"

"पडताना कुणी बघितलं न्हाई. धा साक्षीदार हायेत."

तिने भाकरी वाढली. "बरं. आन कुणी आणून दिलं तर?"

गहिनीनाथचा घास हातातच राहिला. पंखाखाली त्याने स्वतःच्या हाताने, ठळक अक्षरांत, 'सापडल्यास कळवावे' लिहून आपला मोबाईल नंबर टाकला होता.

त्याच आठवड्यात अनोळखी नंबरवरून फोन आला. तो वाजून थांबेपर्यंत गहिनीनाथ त्याच्याकडे पाहत राहिला.

"उचला की," सत्यभामा म्हणाली.

"कंपनीचा आसंल."

पुढे पलंगावर चौथ्याचे लाकूड आले. तिने हरकत घेतली नाही. फक्त फोन वाजला की ती त्याच्या तोंडाकडे बघते. अनोळखी नंबर तो आजही उचलत नाही.

वडवणीच्या आठवडी बाजारावरून पांढरे काहीतरी जाताना पाहिल्याचे एक जण सांगतो. त्याला दुसऱ्या कोणाचा दुजोरा नाही. विमान चढले ते अण्णांच्या सर्व्होमुळे की त्रिंबकच्या, यावर मंडळात आजही पाच-पाच मते आहेत. ते कुठे उतरले, हे माहीत नाही. तो फोन कोणाचा होता, हेही माहीत नाही.