सगळ्यात चांगला वाढलेला फ्लास्क

मी अजून एमएस्सीला आहे. घरात कॉलेजला गेलेला पहिलाच. सहा महिन्यांच्या ट्रेनिंगवर अनुभव लिहायला बसणं जरा आगाऊपणाचंच आहे, त्याबद्दल आधीच माफी मागतो. पण यात एका बाईंवर आळ आला होता आणि तो का आला हे मला नीट माहीत आहे, म्हणून लिहितो.

"फ्लास्कमध्ये साबण राहतोय," डुंबरे मॅडम म्हणाल्या. मी ट्रेनिंगला होतो त्या लॅबच्या त्या प्रमुख. समोर हिराबाई मावशी उभ्या होत्या. काचेची सगळी भांडी त्या धुवायच्या.

"मॅडम, मी सात पान्यानं धुती. शेवटाला ते डिस्टिलचं पानी बी घालती."

"मग दोन बॅच प्रॉडक्ट का कमी येतंय?"

"आता ते मला काय ठावं? मला तुमचं प्रॉडक्ट दिसतं व्हय? मला बाटली दिसती."

मी शेजारी लेबलं चिकटवत होतो. मान वर केली नाही.

"काही दिवस येऊ नका," मॅडम म्हणाल्या. मावशींनी हातमोजे काढले, धुतले, वाळत घातले आणि गेल्या.

आमची लॅब आळेफाट्याजवळ एका शेडमध्ये आहे. तिथे आम्ही जीवाणू वाढवतो. साधे नाहीत. एका औषधात लागणारा घटक कसा बनवायचा, याची माहिती असलेला जीन त्यांच्यात बाहेरून घातलेला असतो. तो डीएनएच्या एका छोट्या कड्यावर असतो. त्या कड्याला प्लाझ्मिड म्हणतात. जीवाणू वाढतात, घटक बनवतात, आम्ही तो वेगळा काढतो. तेच आमचं प्रॉडक्ट. एका मोठ्या कंपनीला सलग तीन बॅचची सँपल द्यायची होती. तिन्हींत घटक सारखा आला पाहिजे, नाहीतर काम दुसरीकडे जाणार होतं.

मॅडमनी कोरे करकरीत फ्लास्क मागवले. पुढची बॅच त्यांत लावली. घटक आणखी कमी आला.

मी रजिस्टर काढून बसलो. त्यात ओडीचे आकडे असतात. ओडी म्हणजे द्रव किती गढूळ झाला त्याचं माप. जीवाणू जितके जास्त तितकं गढूळ. ओडी प्रत्येक बॅचला वाढत होता. साबण राहिला असता तर जीवाणू नीट वाढलेच नसते. इथे तर ते माजले होते.

मग मला माझं काम आठवलं.

नियम असा की प्रत्येक बॅचची सुरुवात डीप फ्रीजरमधल्या नव्या व्हायलनं करायची. व्हायल म्हणजे गोठवलेल्या जीवाणूंची छोटी कुपी. पण कुप्या थोड्याच उरल्या होत्या. मला त्या वापरवेनात. मी प्रत्येक वेळी सगळ्यात चांगला वाढलेला फ्लास्क बघायचो, त्यातलं थोडं बाजूला ठेवायचो आणि पुढच्या बॅचला तेच घालायचो. कुणी सांगितलं नव्हतं. मला ते चुकीचं वाटलंच नाही. पिंपळवंडीला आमच्या घरी कांद्याचं बी विकत आणत नाहीत. आई चांगले, एकसारखे कांदे निवडून ठेवते, ते पुन्हा लावते आणि त्यांचं बी धरते. मी लहानपणापासून हेच बघत आलोय.

जीवाणूंचं उलटं असतं. घटक बनवणं हे त्यांच्यावर ओझं आहे. एखाद्यानं ते कडं टाकून दिलं की तो हलका होतो आणि भराभर वाढतो. थोड्या दिवसांत फ्लास्क अशांनीच भरतो. मी नेमके कामचुकार निवडून त्यांचं बी धरत होतो.

खात्री करायला दोन प्लेट केल्या, म्हणजे जेली भरलेल्या दोन बशांवर तेच जीवाणू पसरले. एकीत अँटिबायोटिक घातलं. कड्यावर त्या औषधाला पुरून उरायची सोयही असते, म्हणून कडं असलेला जीवाणूच त्यात जगतो. दुसऱ्या दिवशी साधी प्लेट वाढलेल्या जीवाणूंच्या ठिपक्यांनी भरली होती. अँटिबायोटिकच्या प्लेटवर चार ठिपके होते. दोन्ही प्लेट घेऊन मॅडमकडे गेलो.

"व्हायल का नाही काढली?"

"मॅडम, कमी उरल्या होत्या. मी सगळ्यात चांगला फ्लास्क निवडत होतो."

"चांगला कुणी ठरवला?"

"मी."

त्यांनी प्लेट उजेडात धरून बघितल्या. "घरी शेती आहे?"

"कांदा आहे."

"हं. व्हायल काढ. आणि डेव्हिएशन लिही, स्वतःच्या नावानं." डेव्हिएशन म्हणजे नियम कुठे मोडला त्याचा कागद.

"आणि मावशी?"

"आधी बॅच येऊ दे."

रविवारी मी डिंभ्याला गेलो. मावशी तिथे भावाकडे राहायला गेल्या होत्या. बस दोन तास आलीच नाही, शेवटी जीपनं गेलो. त्या अंगणात भावाचं मासे धरायचं जाळं नीट करत होत्या. मी सगळं सांगितलं.

"म्हंजी तुझे किडे काम सोडून नुसते खाऊन फुगले."

"हो."

"आमच्या धाकट्या दिरावानी." मग हसू थांबवून म्हणाल्या, "पन त्या दिवशी तोंड का शिवलं व्हतं?"

"मावशी, तवा मला ठाऊक नव्हतं."

"ठाऊक तर कुनालाच नव्हतं. मंग मलाच का धरलं?"

मी जाळ्याचं एक टोक धरून बसलो. त्यांनी चहा दिला.

नव्या व्हायलची पहिली बॅच चांगली आली. पुढच्या दोन चालू असतानाच माझं ट्रेनिंग संपलं. कॉलेजात परत आलो. मॅडमना दोनदा मेसेज केला, उत्तर आलं नाही. या सगळ्यातून मी एवढंच शिकलो की बाटली धुणाऱ्याला विचारायच्या आधी, तीत आपण काय घातलं ते बघावं.

गेल्या आठवड्यात प्रॅक्टिकलच्या आधी फोन वाजला.

"मी हिराबाई. सँपल पास झालं तुमचं. मॅडम सोता डिंभ्याला आल्या व्हत्या. मी कामाला लागले परत."

"बरं झालं मावशी."

"बरं काय? आता बाटली धुतली की वहीत सही करा म्हनं. मी म्हनलं करती, पन बाटलीत घालनाऱ्याची बी घ्या."

"मग?"

"मंग काय, घेत्यात की. मॅडमची बी."