यंत्राला फक्त डबा ठाऊक होता

तापल्या तव्यावर पाण्याचा शिंतोडा पडावा तसा आवाज खडकाच्या फटीतून आला आणि सुनेने हात बाहेर ओढला.

"आई, चावलं," ती म्हणाली. ओरडली नाही.

करंगळीच्या खाली, तळहाताच्या कडेला, रक्ताचे दोन थेंब होते. मी आरसा तिरका धरून पुन्हा फटीत ऊन पाडलं. आत स्टीलचा डबा चकाकला. डब्याच्या अलीकडे वीतभर लांबीचं मातकट जनावर वेटोळं करून अंगाला अंग घासत होतं. आवाज त्याचाच होता. डोक्यावर बाणासारखी खूण होती. मघाशी मला नुसता डबा दिसला होता, आणि मीच म्हटलं होतं, "दिसला गं, घाल हात."

ते फुरसं होतं. माझ्या माहेरी गवत कापताना एका बाईला चावलं होतं. ती आपल्या पायाने घरी आली, भाकरी थापली, जेवली. दुसऱ्या दिवशी तिच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं आणि तिसऱ्या दिवशी ती गेली. तेव्हा मी दहा वर्षांची असेन. ते रक्त मी पाहिलेलं आहे.

"हातमोजे कुठे आहेत?" सुनेने विचारलं.

"घरी. मी काढून ठेवले. सॅकची चेन लागत नव्हती."

"का लागत नव्हती?"

"थालीपिठाचा डबा घातला म्हणून."

तिने तळहात उलटा करून बघितला. रागावली असती तर बरं झालं असतं.

आम्ही तिथे कशाला गेलो होतो ते सांगते. सुनेच्या भावाने दुबईहून मुठीत मावेल असं एक यंत्र आणलं होतं. ते आकाशातून आपली जागा ओळखतं. जगभरात लोक डबे लपवून ठेवतात आणि त्या जागेचे आकडे इंटरनेटवर टाकतात. आपण ते आकडे यंत्रात भरायचे, की बाण दिशा दाखवतो आणि किती मीटर उरले ते सांगतो. डब्यात वही असते. तिच्यात नाव लिहायचं, एखादी वस्तू घेतली तर दुसरी ठेवायची आणि डबा होता तसा लपवून यायचं. यात मिळत काहीच नाही. मला हेच आवडलं. माझं शिक्षण चौथीपर्यंत, पण आकडा कमी होतोय की वाढतोय हे कळायला तेवढं पुरतं. सून सायबर कॅफेतून कागद काढून आणायची, यंत्र मात्र मी धरायची. वहीत आम्ही "सासू-सून, अंबरनाथ पूर्व" एवढंच लिहायचो.

पहिली डबी उल्हासनगर कॅम्प एकमध्ये सापडली, कॅमेऱ्याच्या रोलची, एका बाकाखाली चिकटवलेली. मी बाकाखाली वाकलेली बघून समोरचा सिंधी दुकानदार धावत आला. "माई, क्या गुम हो गया?" मी म्हटलं, "डबी." बिचारा अर्धा तास आमच्याबरोबर तपकिरीची डबी शोधत होता.

सॅक मी भरायची. पाण्याच्या दोन बाटल्या, फटीत बघायला आरसा, बॅटरी, पेन ओलसर कागदावर चालत नाही म्हणून पेन्सिल, कागद लावायला परीक्षेचा पॅड, जुन्या सुती साडीच्या पट्ट्या आणि कातडी हातमोजे. हातमोजे सुनेने आणले होते. ती अंबरनाथला एका कारखान्यात स्टोअरमध्ये कामाला. काठी हातात. यंत्राचे जादा सेल मी सॅकमध्ये ठेवत नसे. ते माझ्या कमरेच्या चंचीत. सॅक दुसऱ्याच्या पाठीवर असते, कंबर आपली असते.

तर त्या दिवशी सगळं होतं, हातमोजे तेवढे नव्हते.

दिवाळीआधीचे दिवस होते. आम्ही बदलापूरच्या पुढे कोंडेश्वरच्या बाजूच्या डोंगरात होतो. गवत कमरेएवढं. सकाळचे दहा वाजले असतील. मोबाइलला रेंज नव्हती.

मी साडीची पट्टी काढून तिच्या मनगटाला आवळायला लागले. तिने दुसऱ्या हाताने मला थांबवलं.

"आवळू नका. कारखान्यात शिकवलंय आम्हाला. आवळलं तर हात जाईल. नुसता हलू द्यायचा नाही."

बांगड्या आणि अंगठी काढली. बोट सुजायला लागलं होतं, अंगठी थुंकी लावून काढावी लागली. हाताखाली परीक्षेचा पॅड ठेवला आणि पट्ट्यांनी सैल बांधला. फटीपासून दूर उघड्या कातळावर तिला बसवलं.

"मी चालले तर विष लवकर भिनेल," ती म्हणाली. "तुम्ही माणसं आणा."

"एकटी बसशील?"

"तुम्ही इथे बसून काय करणार आहात आई? जा की."

मी यंत्र आणि काठी घेऊन उतरले. येताना खाली एक वाडी लागली होती. कुत्र्यांच्या आवाजाच्या रोखाने गेले. दोनदा पडले. वाडीत पोचले तेव्हा चार बाया भात झोडत होत्या.

"माझ्या सुनेला वर चावलंय," मी म्हटलं. "आम्ही अंबरनाथहून डब्यासाठी आलो होतो, आणि..."

"डब्याला?" एकीने दुसरीकडे बघितलं. "अंबरनाथवरून डब्याला आलाव? तिकडं संडास नाय काय गो म्हातारे?"

त्या हसायला लागल्या. मला कळायला क्षण गेला. आमच्याही गावाकडे पहाटे टमरेल घेऊन जाण्याला डब्याला जाणंच म्हणत. इतके महिने मी डबा, डबा म्हणत हिंडले, पण हे डोक्यात आलं नव्हतं.

"फुरसं चावलंय!" मी ओरडले.

हसू तिथेच थांबलं. एक बाई शेताकडे धावली. चार बाप्ये आले. त्यांच्यातला म्हातारा म्हणाला, "भगत पलीकडच्या वाडीत आहे. बोलावतो. तो मंत्राने विष उतरवील."

"उतरवू नका," मी म्हटलं. "उचला. दवाखान्यात न्यायचंय."

"आजी, भगताच्या हाताला गुण आहे."

"असेल. आधी उचला. गुण नंतर बघू."

म्हातारा रागावला, पण वाद घातला नाही. त्यांनी बांबू आणि चादर घेतली. "कुठं बसलीय?" त्यांनी विचारलं. मी मागे वळून बघितलं. सगळीकडे तेच गवत. गुरांच्या तीन वाटा वर जात होत्या. मी कुठल्या वाटेने उतरले ते मला सांगता येईना. हाक मारली. उत्तर आलं नाही.

मग हातातल्या यंत्राकडे बघितलं. त्याला सून ठाऊक नव्हती. त्याला फक्त डबा ठाऊक होता. पण सून डब्याजवळच होती.

पाचशे साठ. बाण डावीकडे. मी पुढे आणि ते चौघे मागे. "आजी, त्यात काय बघतेस? वाट बघ," एक जण म्हणाला. "हीच वाट आहे," मी म्हटलं. चारशे दहा. तीनशे. मग पडदा फिका झाला आणि यंत्र बंद पडलं.

मी चंचीतून सेल काढले. एक सेल गवतात पडला, तो शोधला. यंत्र चालू झालं पण आकाश शोधत बसलं. वर झाडी होती. तिघे बांबू टेकवून उभे होते, म्हातारा मात्र पलीकडच्या वाडीच्या दिशेने बघत होता. मी यंत्र डोक्याच्या वर धरून उभी राहिले. मनात माहेरच्या बाईच्या हिरड्या होत्या. शेवटी बाण आला. दोनशे ऐंशी.

ती बसवली होती तिथेच होती. हात कोपरापर्यंत सुजला होता.

"हाक ऐकली नाहीस?"

"ऐकली. पण ओरडवत नव्हतं."

त्यांनी तिला चादरीच्या झोळीत घालून खाली आणलं. वाडीतून दुधाचा टेम्पो मिळाला, बदलापूरहून रिक्षा, आणि उल्हासनगरच्या सरकारी दवाखान्यात पोचलो तेव्हा दुपार झाली होती. डॉक्टर बाईने काचेच्या नळीत तिचं रक्त घेतलं आणि नळी टेबलावर उभी ठेवली.

"वीस मिनिटांत गोठलं पाहिजे," ती म्हणाली.

वीस मिनिटं मी त्या नळीसमोर उभी होते. तिने नळी आडवी केली. रक्त पाण्यासारखं वाहिलं.

औषधाची बाटली लावली. संध्याकाळच्या नळीतलंही गोठलं नाही. मुलगा कामावरून आला. बायकोकडे बघितलं, मग माझ्याकडे. "घरात डबे कमी आहेत का?" एवढंच म्हणाला आणि बाहेर जाऊन उभा राहिला. हातमोज्यांचं त्याला मी सांगितलं. सुनेने सांगितलं नसतं.

मी दर थोड्या वेळाने तिला तोंड उघडायला लावत होते.

"आई, दात मोजताय का?"

"आ कर."

दुसऱ्या दिवशी सकाळी नळी आडवी केली तेव्हा रक्त जागचं हललं नाही. डॉक्टर बाई हसली. मी नाही हसले. मला तिसरा दिवस बघायचा होता.

तिची करंगळी अजून पुरती मिटत नाही. सॅक आता ती भरते आणि मी उघडून बघते. त्या फटीतल्या डब्याच्या वहीत आमचं नाव नाही. माहेरची बाई तिसऱ्या दिवशी गेली होती. सून वाचली.