फटफटीची मागची शीट

लढाई संपून आमचे हे घरी आले आणि थोड्याच दिवसांत लष्करी लिलावातली एक फटफटी (मोटारसायकल) दारात आली. दोघांत जास्त खिळखिळं कोण, ते मी बोलत नाही. पुढे बसणाऱ्याला शीट होती, मागे नुसती लोखंडी जाळी, पेट्या बांधायची. मी काही पेटी नव्हे, म्हणून यांनी कराडच्या एका मोच्याकडून मागची शीट शिवून घेतली, आणि एका सकाळी आम्ही आटपाडीला निघालो.

माझ्या माहेरी आई अंथरुणाला खिळली होती. थोरलीला एकदा डोळ्यांनी बघायचं, एवढंच तिचं मागणं. थोरली म्हणजे आमची आक्का, आटपाडीत दिलेली. तिचा उजवा गुडघा गेलेला, बैलगाडीचे हिसके सोसवत नाहीत, म्हणून किती वर्षांत माहेरी आली नव्हती. तिला फटफटीवरून आणायचं ठरलं. पण यांनी एकट्यानं जाऊन बोलावलं तर ती यायची नाही, तिला समजवायला मी हवी. परतताना मागे दोघी कशा मावणार, हे मात्र आमच्या दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

इस्लामपूर येईपर्यंत माझी कंबर माझी राहिली नव्हती. शीट दिसायला देखणी, पण माझा निम्मा भार तिच्यावर आणि निम्मा वाऱ्यावर. मी उतरून चालायला लागले. हे मागं हळूहळू फटफटी आणत होते.

"आगं, बस की. लोक बघत्यात."

"बघू द्या. बसल्यावर काय हाल हुत्यात ते त्यास्नी दिसत न्हाई."

"मग तू हितनं माघारी जा. मी एकटाच जाऊन आक्कास्नी घिऊन येतो."

"ती तुमच्यासंगं दारापतूरबी यायची न्हाई," मी म्हटलं. ते त्यांनाही ठाऊक होतं. आई डोळ्यांपुढे आली आणि मी दातओठ खाऊन पुन्हा बसले.

सांगलीत शिरताना हळदीचा वास नाकात बसला. पेठेत गुळाच्या ढेपा उतरवत होते. शीट नीट करून घ्यायला त्या गर्दीतून विचारत विचारत आम्ही एका जीनगराच्या (घोड्याचं खोगीर शिवणाऱ्याच्या) दुकानी पोचलो. म्हाताऱ्यानं कराडची शीट उलटीपालटी करून पाहिली.

"बसणार कोण?"

"मंडळी," हे म्हणाले, माझ्याकडे न बघता.

"आणि माप कुणाचं दिलंत?"

"माझं. आता बायामाणसाचं माप परक्याला कसं द्यायचं?"

म्हातारा यांच्याकडे बघून माझ्याकडे वळला. "पाव्हणं, तुमच्या मापाची पायताणं मंडळींस्नी घालता काय? शीटसुदीक अशीच असती."

आमचे हे काटकुळे, आणि मी, देवानं हात राखून घडवलेली नाही. मला हसू आवरेना, यांचे कान लाल झाले.

तेवढ्यात जीनगराच्या बायकोनं मला आत बोलावलं. तिनं जमिनीवर कोंड्याचं पोतं पसरलं आणि म्हणाली, "बसा, बाई. घोड्यावर बसल्यागत बसा, काष्टा घट्ट करा." मी बसून उठले, तर कोंड्यावर सगळं माझं खरंखुरं उमटलेलं. तिनं दोरीला गाठी मारून मापं घेतली आणि बाहेर नवऱ्याला दोरी दिली. तिच्या गाठींवरून त्याला सगळं कळलं, मला एक शब्द बोलावा लागला नाही.

भरायचं काय, यावर मात्र बाहेर सभा भरली. यांचं म्हणणं कापूस. जीनगर म्हणाला, कापूस मिरजेपर्यंत मऊ, पुढं दगड. काथ्या टोचतो. शेवटी घोड्याच्या केसांवर ठरलं, खाली सायकलीच्या शीटच्या स्प्रिंगा, मागे रुंद, पुढे निमुळती. शिवून होईपर्यंत कृष्णेच्या घाटाजवळच्या धर्मशाळेत भाकरी आणि खर्डा खाऊन पडून राहिलो.

पुढे तासगाव मागे पडलं तरी मला कुठं दुखलं नाही. विट्यात चहाला थांबलो, तिथं परमुलखातल्या सोनं गाळायच्या दुकानावरून गावी आलेले दोघे शीट दाबून बघायला लागले.

"वैनी, लय मऊ दिसतीया. आमीबी बसून बघू काय?"

"बसा की. पर घरी सांगून आलाय न्हवं? मग परत उठूसं वाटत न्हाई."

विट्यापुढे हिरवं संपलं, माळ आणि बाभळी सुरू झाल्या. आटपाडीत आक्कानं हुलग्याचं माडगं (दाट कढण) पुढं ठेवलं आणि यायचं नाव काढताच मान हलवली.

"गुडघा न्हाई म्हंतोय. आन् मेव्हण्याच्या मागं बसू व्हय मी, ह्या वयात?"

"नुसती बसून तर बघ," मी म्हटलं. अंगणात फटफटी उभी होती. आक्का कण्हत चढली आणि ऐसपैस बसली. आम्ही दोघी आईच्याच बांध्याच्या. माझ्या मापाची शीट तिला तिळमात्र कमी नाही, तिळमात्र जास्त नाही.

"लय चांगली हाय गं," ती म्हणाली. मग हळूच, "आई वळकंल मला?"

तेव्हा आमच्या लक्षात आलं की शीट एक आणि बाया दोघी. हे डोकं खाजवायला लागले. मी आक्काची शेरडं चारायला सोडली आणि म्हटलं, "मी हितं ऱ्हाते. जा तुमी."

पुढच्या बाजाराच्या दिवशी फटफटी परत आली. आक्का उतरली आणि तशीच माझ्या गळ्यात पडली. आईनं तिला ओळखलं होतं. नुसतं ओळखलं नव्हे, केस विंचरायला जवळ बसवून घेतलं होतं, आणि हाताला बळ नव्हतं म्हणून एकाच बाजूची वेणी घातली होती. आक्कानं ती अजून सोडली नव्हती.

परतीला मी शीटवर बसले, तर ती डाव्या अंगाला जरा दबलेली. दुखऱ्या गुडघ्यावर भार नको म्हणून आक्का तशी कलून बसली असणार, जाताना आणि येताना. सांगलीत यांनी विचारलं, "जीनगराकडनं सरळ करून घ्यायची काय?"

मी म्हटलं, "ऱ्हाऊ द्या." आणि घरापर्यंत तशीच कलून बसले.